शुक्रवार मी सुचवला

आमच्या टेबलावर माणसं चार होती आणि देवही चार. फौजीचा शनिवार, मारुतीचा. मास्तरांचा सोमवार, शिंगणापूरच्या महादेवाचा. हळदवाल्याचा मंगळवार, गणपतीचा. माझा गुरुवार, दत्ताचा. ज्याचा वार त्यानं त्या दिवशी प्यायचं नाही आणि बसायलाही यायचं नाही. एक जण नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही बसायचं नाही, असा आमचा रिवाज होता. रविवार घरच्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी मी साताऱ्याची एसटी पकडायचो. हे सगळं जाऊन आठवड्यात बुधवार तेवढा उरला.

"बुधवारला कुणी वाली न्हाई गड्या," फौजी म्हणायचा, "त्यो आपला."

आमच्याकडं वार धरलेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. एरवी नको म्हणणाऱ्याच्या मागं लोक हात धुऊन लागतात, "आमच्यासाठी एक" म्हणत ग्लास त्याच्या तोंडाशी नेतात. पण "आज वार आहे" एवढं म्हटलं की सगळ्यांचे हात मागं होतात. कसला नवस, कुठवर, काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते ह्यातूनच झालं. आणि ते माझ्या हातून झालं. इतकी वर्षं मी कुठंच काही बोललो नाही म्हणून लोक मला शहाणा समजत आले. आता बोलतो.

नावं सांगत नाही. आम्हीही एकमेकांना नावानं हाक मारत नव्हतो. फौजी कडेगावचा, पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला, आता कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं बघायचा. मास्तर वडूजकडचे, शाळेत गणित शिकवायचे, आमच्यात वयानं थोरले. हळदवाला पक्का सांगलीकर, मार्केट यार्डात त्याचं अडत दुकान. त्याच्या बोटांची पेरं बारा महिने पिवळी असायची. आणि मी, बदलीवर सांगलीत आलेला, सरकारी कचेरीत नकाशे काढणारा. मला ते मौनीबाबा म्हणायचे.

बायकोची नोकरी साताऱ्यात, मुलगी तिथल्याच कॉलेजात, त्यामुळं मी विश्रामबागेत एका गॅरेजवरच्या खोलीत एकटाच राहायचो. एक खाट, एक दोरी, दोरीवर आठवड्याचे शर्ट. कचेरीत माझ्याशी कुणी बोलायचं ते नकाशाबद्दल. रात्री घरी फोन केला की बायको विचारायची, "जेवलास?" मी म्हणायचो, "हो." मग दोघांनाही काही सुचायचं नाही. भांडण होतं असं नाही. भांडण असतं तर बोलणं तरी झालं असतं.

मास्तर आणि मी एकाच खानावळीत जेवायचो. एकदा खानावळ बंद होती, म्हणून दोघं उगाच फिरत निघालो आणि एका जिन्याशी थांबलो. वर नवा बार झाला होता. खाली फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'हॅपी अवर्स, पाच ते साडेसात, एकावर एक'. मास्तर इकडंतिकडं बघून म्हणाले, "कुणी विद्यार्थी न्हाई ना आसपास?" मग आम्ही चढलो. वर कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघंही चोरासारखे बसलो. शेजारच्या टेबलावर फौजी आणि हळदवाला होते. फौजीच्या घरची हळद ह्याच्या दुकानात यायची, तेवढ्यावर त्यांची दोस्ती.

हळदवाल्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ पाव्हणं, मयताला आल्यासारखं काय बसलाय? या इकडं. चौघांत आठ ग्लास म्हणजे टेबल कसं भरल्यासारखं दिसतं."

माझ्या आयुष्यात मला इतक्या सहज कुणी बोलावलं नव्हतं.

दर बुधवारी नवा बार, ही कल्पना त्याचीच. "सांगलीत जन्म गेला आणि दोनच जिने चढलो," तो म्हणायचा. मग आम्ही जिने चढत सुटलो. माशांची पेटी असलेला, निळ्या दिव्यांचा, जिथं शेजारच्याचं तोंडही निळं दिसायचं. मिरजेत स्टेशनाजवळचा जुना परमिट रूम, तिथला वाढपी इतका म्हातारा की मास्तर त्याला "आवं, तुमी बसा, आमी घेतो" म्हणायचे. आष्ट्याच्या रस्त्यावरचा गार्डन बार, तिथं कुंपणाला लागून ऊस आणि वारा फिरला की मळीचा वास. पाचला सुरू, साडेसातला खलास. आठच्या आत सगळे घरी. आमच्यात दारुडा असा कुणी नव्हता, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

बार चांगला की वाईट हे हळदवाला मसाला पापडावरून ठरवायचा. पापड टेबलावर आला की तो सगळ्यांना गप्प करायचा, मान खाली घालून कान पापडाशी न्यायचा आणि पिवळ्या बोटांनी कोपरा मोडायचा. आवाज आला तर बार पास. कांदा-टोमॅटोच्या पाण्यानं पापड मऊ पडला असला तर वाढप्याला बोलावून गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "ह्यो पापड न्हाई, ही चपाती हाय. ह्याच्यासंगं भाजी आणा." फौजी टेबलावर हात आपटून हसायचा. फौजी स्वतः एका बिअरवर थांबायचा, गाडी तो हाकायचा म्हणून. त्याच्या वाट्याचा फुकटचा ग्लास हळदवाल्याकडं सरकायचा.

मी तिथंही फार बोलायचो नाही. पण ऐकायला मिळायचं. कुणी कुणाची टर उडवली की सगळ्यांच्या नजरा वळत वळत माझ्यावर यायच्या, मी हसलो का ते बघायला. मी हसलो की हळदवाला म्हणायचा, "मौनीबाबा हसलं. आजचा कार्यक्रम सफळ." गुरुवारी सकाळी कचेरीत बसून मी पुढच्या बुधवारची वाट बघायला लागायचो. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

हळदीचे सौदे संपत आले होते, उन्हाळा होता. कचेरीत मला एक फोन आला. हळदवाल्याची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. दोन-तीनदा त्यांच्या घरी जेवलो होतो.

"भावजी, तुमच्याजवळ एक बोलायचंय. तुमच्याजवळ बोललं की ते तिथंच राहतं, म्हणून तुम्हालाच."

मी व्हरांड्यात गेलो.

"ह्यांचे रिपोर्ट आलेत. लिव्हरचं आहे. डॉक्टर म्हणाले, आता एक थेंबसुद्धा नको. हे तुम्हा लोकांना सांगणार नाहीत. लाज वाटते म्हणतात, आजारी म्हणून कीव करतील म्हणतात. काहीतरी कारण काढून यायचं बंद करतील. तुम्ही फक्त आग्रह करू नका. बाकीच्यांनी केला तर सांभाळून घ्या. एवढंच."

"बरं," मी म्हणालो.

त्या बुधवारी तो आला तोच उभा राहिला. बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "गड्यांनो, मी बुधवार धरलाय. पांडुरंगाचा."

फौजीनं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. मास्तरांनी त्याच्यासाठी आलेला ग्लास हळूच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. "चांगलं केलंस बाबा," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नाही. मलाच तेवढं माहीत होतं आणि मला वाटलं, किती छान सुटला हा. कुणाची कीव नाही, काही नाही. देवाच्या मागं जाऊन उभा राहिला.

तो जिना उतरून गेला. पापड आला. कुणी मोडेना. शेवटी फौजीनं मोडला, पण कान लावला नाही.

पुढच्या बुधवारी खरं तर रिवाजाप्रमाणं आम्ही बसायलाच नको होतं. पण बसलो. मास्तरांनी पेपर काढला. फौजी भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट बघत राहिला. सव्वासहालाच मास्तर म्हणाले, "निघू का? पेपर तपासायचेत." फौजी म्हणाला, "मग मी बी निघतो. तसं आता बुधवारचं काय खरं न्हाई."

मला दिसलं की हे आता संपणार. आज, ह्या टेबलावर. मी उठून खोलीवर जाणार, दोरीवरचे शर्ट, "जेवलास?", "हो." आणि त्या टेबलावर कधीही काहीही न सुचवणारा मी बोललो,

"मग आपण शुक्रवार करू."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

"अरं, तू शुक्रवारी घरी जातोस न्हवं?" फौजी म्हणाला.

"शनिवारी सकाळी जाईन."

"बघा मास्तर! मौनीबाबानं तोंड उघडलं आणि काय तोडगा काढला! शुक्रवारी कुणाचाच वार न्हाई." त्यानं तिथंच फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. "ए हळदवाल्या, बुधवार पांडुरंगाला दिला. आता शुक्रवार आपला. आणि कुणी काढली ही आयडिया सांग बघू? आपल्या मुक्यानं!"

पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मला कळलं होतं, तो काय शोधतोय ते. दुसरा देव शोधत होता. पण आठ दिवसांत दुसरा वार धरला असता तर फौजीनं सुद्धा ओळखलं असतं. त्याची एकच वाट होती आणि ती मी बुजवली होती. मी त्या वेळीही म्हणू शकलो असतो, राहू दे रे, त्याला नसेल जमत. ग्लासावरचं पाणी बोटानं पुसत बसलो.

"बरं," तो म्हणाला. "येतो."

त्या रात्री मी बायकोला सांगितलं की आता शुक्रवारी मीटिंग असते, शनिवारी येईन. "बरं," तीही म्हणाली. का, कसली, काही विचारलं नाही. मी वार धरला असता तरी तिनं एवढंच म्हटलं असतं.

शुक्रवार सुरू झाले. फौजी गाडी घेऊन त्याच्या दारात जायचा, हॉर्न वाजवायचा. तो यायचा, बसायचा. पहिले दोन शुक्रवार त्यानं ग्लास नुसता फिरवला. तिसऱ्या शुक्रवारी प्यायला. मग पूर्वीसारखाच. कधी कधी माझ्याकडं बघायचा, आणि मला वाटायचं, ह्याला काही विचारायचंय. मी पापडाकडं बघायचो. एकदा मास्तर म्हणाले, "हळद डोळ्यांपर्यंत चढली की तुमच्या." सगळे हसले, तोही हसला. मीही हसलो. तो म्हणाला, "मौनीबाबा हसलं."

वहिनींचा पुन्हा फोन आला. "भावजी, ते फौजी दर शुक्रवारी दारात हॉर्न मारतात. मला नाही म्हणवत, आणि ह्यांना तर मुळीच नाही. तेवढं त्यांना समजावून सांगा की."

"सांगतो," मी म्हणालो. नाही सांगितलं.

मधे श्रावण आला आणि लागून गणपती. दीड महिना कुणीच प्यायलं नाही. आरतीला त्यांच्या घरी गेलो तर तो ओळखू येईना. तोंडावर तजेला, चालणं सरळ, टाळ वाजवताना मान डोलवत होता. वहिनींनी मोदक वाढता वाढता हळूच सांगितलं, "सुधारतायत. तुमचा आधार आहे भावजी." मी मोदक खाल्ला. दोन खाल्ले.

विसर्जन झालं. शुक्रवार आला. नेहमी ग्रुपवर तोच पहिला मेसेज टाकायचा. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कुणी काही टाकलं नाही. आमच्या ग्रुपचं नाव अजून 'बुधवार'च होतं. मी कचेरीत फोन हातात घेऊन बसलो होतो. नसता टाकला मेसेज तर ते सगळं आपोआप विरून गेलं असतं. कुणाला वाईटही वाटलं नसतं, मी सोडून. मी लिहिलं, 'आज?' फौजीनं लगेच अंगठा दाखवला.

म्हणजे एकदा नाही, दोनदा. लोकांना एक चूक सांगताना ती एकदाच झाली असं सांगायला सोपं पडतं. माझ्याकडून दोनदा झाली.

दसऱ्यानंतर सगळे साताऱ्याला आले, माझ्या गावी. फौजी म्हणाला होता, "तुझ्या गावात बार हाईत का नुसतेच पेढेवाले?" मी त्यांना हायवेजवळच्या एका गच्चीवर नेलं. उन्हं उतरत होती, समोर अजिंक्यतारा. मी पहिल्यांदाच यजमान होतो. मीच ऑर्डर दिली, मीच वाढप्याला सांगितलं, पापड आधी आण, मसाला वेगळ्या वाटीत. हळदवाल्यानं कान लावला, मोडला. आवाज चांगला खणखणीत आला. "सातारा पास," तो म्हणाला. घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मी त्यांना घरी नेलं नाही. बायकोला ते आल्याचंही सांगितलं नव्हतं.

साडेसहाला उठलो तर तो उठेना. टेबलाखाली त्यानं बूट काढून ठेवले होते आणि आता ते पायात जात नव्हते. पाय घोट्याच्या वर फुगले होते. मास्तर वाकून बूट चढवायला लागले. तो हसत म्हणाला, "बूट आवळले वाटतं, साताऱ्याच्या हवेनं." कुणी हसलं नाही. फौजी गुडघ्यावर बसला, अंगठ्यानं त्याच्या पोटरीवर दाबलं. खळगा पडला, तो भरून येईना. फौजीनं वर बघितलं. पलटणीत त्यानं असं काहीतरी बघितलं असावं.

"ह्ये कवापास्नं हाय?"

"झालं की. थोडे दिवस."

अनवाणीच तो जिना उतरला, एक हात फौजीच्या खांद्यावर, बूट दुसऱ्या हातात. गाडीत बूट मांडीवर घेऊन बसला. मी खाली उभा होतो. त्यानं काचेतून माझ्याकडं बघितलं आणि हात केला.

दुसऱ्या दिवशी त्याला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. मी शनिवारची सुट्टी सोडून परत सांगलीला गेलो, शहाळी घेऊन. वॉर्डच्या बाहेर फौजी भिंतीला टेकून उभा होता. वहिनी आतून आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या. आवाज वाढवला नाही.

"दर शुक्रवारी दारात येऊन तुम्हीच घेऊन गेलात. माणूस नाही म्हणू शकत नाही हे बघून नेलंत. आमच्या घरी आता येऊ नका."

फौजीला काही माहीतच नव्हतं. डॉक्टरचं नाही, रिपोर्टचं नाही, काहीच नाही. सहा फुटांचा माणूस, त्यानं हात जोडले. "चुकलं वहिनी," म्हणाला.

मग त्या माझ्याकडं वळल्या. माझ्या हातातली शहाळी घेतली. "तुम्ही तरी सांगून बघितलंत भावजी. तुमचं कोण ऐकणार ह्यांच्यात."

मी मान हलवली. मान का हलवली, अजून कळत नाही. शब्द आला नाही हे खरं, पण मान हलली.

तो वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला, निम्मा होऊन. फौजी पुन्हा त्या घरी गेला नाही. मास्तर निवृत्त होऊन वडूजला गेले. मी बदलीसाठी अर्ज केला, तो वर्षभरानं मंजूर झाला आणि मी साताऱ्याला परत आलो. घरी सगळ्यांना आनंद झाला असं म्हणायला हरकत नाही. मुलगी तोवर पुण्याला गेली होती. बायको संध्याकाळी टीव्ही लावते, मी शेजारी बसतो. कधीमधी कचेरी सुटल्यावर मी त्या गच्चीवर जातो, पाच वाजता, एकटा. एक सोडा मागवतो. वाढपी सवयीनं पापड आणून ठेवतो. तो मऊ पडेपर्यंत बसतो आणि उठतो.

एक घर मात्र मला उघडं होतं. सांगलीला कामाला गेलो की वहिनी चहा ठेवायच्या, जेवून जा म्हणायच्या. ओसरीवर खाटेवर तो बसलेला. फार बोलायचा नाही आता. मी तर नाहीच. पण वहिनी बोलायच्या आणि त्या बोलण्यात मी 'आमचे भावजी' असायचो. साऱ्या जगात तेवढंच एक घर होतं जिथं माझं मोल होतं, आणि ते खोटं होतं.

गेल्या महिन्यात फौजीनं कडेगावला घर बांधलं, वास्तुशांत केली. मास्तर आले होते, मी गेलो होतो. हळदवाल्याच्या घरी त्यानं माणसाबरोबर पत्रिका पाठवली होती, ती वहिनींनी तशीच परत पाठवली. जेवणं झाल्यावर फौजी मला गच्चीवर घेऊन गेला. भर दुपार. गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या होत्या.

"चौघांसाठी केलंय ह्ये," तो म्हणाला. "च्या प्यायला म्हण. सरबत म्हण. त्याला चालंल त्ये."

तो कठड्याला टेकला.

"तुला एक इचारतो. लय दिवस डोसक्यात हाय. डॉक्टरनं त्याला आधीच सांगितलेलं म्हणं. मग त्यो बुधवार... त्यो देवाचा न्हवताच का रं? आणि आमी त्याला शुक्रवारी वडून नेला? तुला ठाऊक होतं ह्ये?"

"नाही," मी म्हणालो.

"मला बी न्हाई. ठाऊक असतं तर हॉर्न कशाला मारला असता गड्या. पण वहिनींचं बरोबर हाय. दारात मीच जात हुतो." त्यानं गमछ्यानं डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे.

चार खुर्च्यांपैकी एकीवर मी बसलो होतो. खाली बायका हसत होत्या.

पुढच्या बुधवारी रजा टाकून मी सांगलीला गेलो. वार मुद्दाम निवडला नव्हता, पण एसटीत बसल्यावर लक्षात आलं. दुपारचे साडेतीन असतील. तो ओसरीवर खाटेवर होता. बोटं आता पिवळी नव्हती. ते बघून बरं वाटायला हवं होतं. वहिनींनी चहा आणला, समोरच्या पायरीवर बसल्या आणि परडीतल्या घेवड्याच्या शिरा काढायला लागल्या.

"शुक्रवार फौजीनं नाही सुचवला," मी म्हणालो. "मी सुचवला."

त्यांचा हात थांबला नाही.

"तुम्ही मला फोन केला होता त्यानंतर. मला माहीत होतं, तरी सुचवला. तुम्ही परत फोन केलात तेव्हा फौजीला काही सांगितलं नाही. गणपती झाल्यावर पहिला मेसेज मी टाकला. फौजीला काहीच माहीत नव्हतं. ते सगळं मी केलं."

एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. परडी तशीच त्यांच्या मांडीवर होती, त्या तिच्यात बघत होत्या.

"का पण?" त्या म्हणाल्या.

ह्याचं उत्तर मी वर पानंच्या पानं लिहिलंय. तिथं एकच वाक्य आलं. "मला दुसरं कुठं जायला नव्हतं."

त्या उठल्या आणि आत गेल्या. घेवडा पायरीवरच राहिला.

आम्ही दोघं राहिलो. मी त्याच्याकडं बघितलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुला ठाऊक हाय ते. हिनं तुला फोन केला त्याच रात्री मला सांगितलं होतं. म्हणाली, भावजींना सांगून ठेवलंय, आता काळजी न्हाई. आणि मग फौजी फोनवर म्हणाला, आयडिया मुक्याची."

"मग तू का आलास?"

त्यानं खाटेच्या कडेवरून हात फिरवला. "तू कवा काय मागितलं व्हतंस का रं? दोन वर्षांत बिर्याणी का भाजी हे सुद्धा दुसऱ्यानं ठरवायचं. पहिल्यांदा काय तरी मागितलंस. मला वाटलं, ह्याला ठाऊक असून बोलावतोय म्हणजे ह्याचं लय अडलंय." मग म्हणाला, "पण चुकलं. तुझंबी आणि माझंबी. तुझं जास्त."

मी मान हलवली. ह्या वेळी ती बरोबर हलली.

"हिला मी पण सांगितलं नव्हतं, शुक्रवार कुणाचा त्ये," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून वाट बघत व्हतो. लय वेळ लावलास."

वहिनी फोन घेऊन बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "फौजींचा नंबर द्या. मी काढून टाकला होता." मी सांगितला. एक एक आकडा त्यांनी दाबला. नेहमी त्या मला निघताना थांबवायच्या. त्या दिवशी कुणी थांबवलं नाही. माझा कप भरलेला तसाच होता.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "हॅलो, भावजी, मी बोलतेय." तो शब्द इतकी वर्षं माझा होता. वळून बघितलं नाही. फाटकाची कडी लावली आणि स्टँडच्या रस्त्याला लागलो.

स्टँडवर साताऱ्याची गाडी लागायची होती. समोरच्या इमारतीच्या जिन्याशी एक माणूस फळा आणून ठेवत होता, खडूनं लिहिलेला. पाच वाजले असतील. फोन वाजला. फौजी. मी उचलला आणि कानाला लावला.

त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मागं कारखान्याच्या गेटवरून ट्रक बाहेर पडल्याचा आवाज. मी म्हणालो, "फौजी, मी." पुढं काही सुचेना. तोही गप्पच. तशीच दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग तो म्हणाला, "गाडी कितीची हाय तुझी?"

"सव्वापाचची."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यात काय होतं मला अजून कळलेलं नाही. ग्रुप अजून आहे, नाव 'बुधवार'च आहे. त्या संध्याकाळी एसटी इस्लामपूरच्या पुढं गेल्यावर मी तो उघडला. हळदवाल्यानं एक फोटो टाकला होता, कडेगावच्या गच्चीचा. तो फौजीनंच त्याला धाडला असणार. टेबल आणि चार खुर्च्या. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'कधी?' फौजीनं लिहिलं होतं, 'तुमी सांगा.'

मी काही लिहिलं नाही. आजही लिहिलेलं नाही. ह्या वेळी बोलावणं त्यांच्याकडून यायला हवं, आणि नाही आलं तर ते मला समजेल. घरी पोचलो तेव्हा बायकोनं विचारलं, "जेवलास?" मी म्हणालो, "नाही. आणि शुक्रवारी मीटिंग नसायची. बस जरा, सांगायचंय." तिनं टीव्हीचा आवाज कमी केला, बंद नाही केला. मी सुरुवात केली.